वाकडी ट्यूबलाईट

गेल्या मार्चात माझे घड्याळ मागे पडू लागले, म्हणून मी ते शहरातल्या एका दुकानात सर्व्हिसिंगला टाकले. दहा दिवसांनी आणायला गेले तेव्हा दुकानदाराने ते प्लास्टिकच्या छोट्या पिशवीतून काढले, पिवळ्या फडक्याने एकदा पुसले आणि माझ्याकडे तोंड करून काउंटरवर ठेवले. "मॅडम, पॉलिशपण मारून दिलंय. त्याचे पैसे नाही लावले. बघा, एकदम नव्यासारखं झालंय." घड्याळ खरोखरच लखलखत होते. काचेच्या कडेला वर्षानुवर्षे बसलेला मळ गेला होता आणि लोकलच्या दांड्यांनी, बॅगेच्या चेनने, ऑफिसच्या टेबलाने दिलेले सगळे ओरखडे नाहीसे झाले होते. मी पैसे दिले, मनापासून आभार मानले आणि रिक्षाने घरी आले. रात्री भांडी आवरून झाल्यावर ओट्याशी उभी राहून वेळ पाहायला मनगट वळवले, तेव्हा घड्याळाच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचात, वरच्या ट्यूबलाईटचे प्रतिबिंब दिसले. ते वाकडे होते.

आधी ते सरळ असायचे.

घड्याळ किंग सीकोचे आहे, ४५ मालिकेतले, १९७० च्या आसपासचे, हाताने चावी द्यायचे. नोकरीनिमित्त मी चार वर्षे टोकियोत होते, निशी-कासाईला राहत होते, आणि तिथल्या शेवटच्या हिवाळ्यात नाकानो ब्रॉडवेमधल्या जुन्या घड्याळांच्या दुकानांतून उगाच हिंडताना ते घेतले. घड्याळातले मला तोवर काही कळत नव्हते. दुकानातल्या वयस्क गृहस्थांना इंग्रजी येत नव्हते आणि माझे जपानी भाजी घेण्यापुरतेच होते, त्यामुळे त्यांनी बोलणे टाळून एकच गोष्ट केली. घड्याळ बोटांच्या टोकांवर धरले आणि टेबलावरच्या दिव्याखाली अगदी सावकाश कलते करत नेले. पट्टा अडकवण्यासाठी केसला जे चार पाय असतात, त्यांतल्या एकाचा रुंद पैलू पांढराशुभ्र दिसत होता. तो जरासा कलला आणि एकदम काळा झाला. मधे राखाडी असे काही आलेच नाही. पुन्हा पांढरा, पुन्हा काळा. मग त्यांनी ते माझ्या कानाशी धरले. या यंत्राचे ठोके तासाला ३६,००० असतात, म्हणजे सेकंदाला दहा, त्यामुळे त्यात टिकटिक ऐकू येत नाही, पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तशी सलग सरसर ऐकू येते. परवडण्याच्या थोडे पलीकडचे होते, तरी घेतले. खरे सांगायचे तर मी त्या दिवशी घड्याळ घेतले नव्हतेच. तो पांढऱ्याचा काळा होणारा पैलू घेतला होता, आणि त्यामागे घड्याळ आपोआप आले.

नंतर वाचत गेले तसे समजले की तो पैलू काही योगायोगाने तसा झालेला नव्हता. सीकोमध्ये तारो तानाका नावाचे एक डिझायनर होते. टोकियोच्या गिन्झा भागातल्या वाको या दुकानात स्विस घड्याळांशेजारी आपली घड्याळे मांडलेली पाहून त्यांना ती मंद वाटली, आणि त्यातून त्यांनी घड्याळाच्या आकाराचे एक व्याकरणच तयार केले. पृष्ठभाग शक्यतो सपाट ठेवायचे, वळण द्यायचे तर एकाच दिशेने द्यायचे, आणि प्रत्येक पृष्ठभाग असा घासायचा की त्यात दिसणारे प्रतिबिंब जराही हलणार नाही. १९६७ चे ग्रँड सीको ४४जीएस हे त्या व्याकरणाचे पहिले पूर्ण वाक्य म्हणता येईल. माझे घड्याळ त्याच घराण्यातले, धाकट्या पातीचे. हे काम ज्या यंत्रांवर होई, ती सीकोने १९५० च्या दशकात बाहेरून आणली होती आणि त्यांच्यावर 'गेब्र्यूडर सालाझ', म्हणजे सालाझ बंधू, अशी पाटी होती. जपानी जिभेवर सालाझचे झारात्सु झाले, आणि आता जगभरचे घड्याळवेडे 'झारात्सु पॉलिश' हा शब्द एखाद्या प्राचीन जपानी विद्येचे नाव असावे अशा आदराने उच्चारतात. आपल्याकडे 'हॉस्पिटल'चे 'इस्पितळ' झाले, त्यातलाच हा प्रकार. मला या गोष्टीची फार गंमत वाटते; मुळात परदेशी आडनावच ते, पण ज्यांनी पन्नास-साठ वर्षे घासले त्यांचेच झाले.

दुकानदाराने दिलेली चमक मात्र मला आठवडाभर सलत राहिली. त्याला जाऊन सांगावे तरी काय? त्याने घड्याळ बिघडवले नव्हते. उलट पदरचे अर्धा तास काम जास्तीचे केले होते, आणि ते प्रेमाने केले होते. ज्याचे आभार मानले त्याच्याशी भांडायचे कसे, हे मला कधीच जमलेले नाही. शेवटी एका रविवारी मी घड्याळ घेऊन चिंचवडला मामांकडे गेले.

माझे मामा आयुष्यभर एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. आता ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी घड्याळ हातात घेतले, मनगटी घड्याळ पाहताना माणसे तबकडी पाहतात तशी त्यांनी पाहिली नाही, थेट खिडकीशी गेले आणि एक डोळा मिटून केसच्या कडेवरून नजर सरळ रेषेत टाकली. मग म्हणाले, "हे बफिंग आहे गं. चाकावर धरलंय. मूळचं लॅपिंग असणार." मी विचारले, "मामा, दोन्हींत फरक तो काय? दोन्ही चकचकीतच." त्यांनी माझ्याकडे अशा चेहऱ्याने पाहिले, की मला शाळेत बेचाचा पाढा चुकल्यासारखे वाटले.

त्यांनी जे समजावले ते माझ्या शब्दांत असे. बफिंगचे चाक कापडाचे असते. त्याला पॉलिशची वडी लावतात, ते मिनिटाला हजारो फेरे घेते आणि त्याच्या मऊ कडेवर वस्तू धरतात. कापड मऊ, म्हणून ते वस्तूच्या अंगावरून ओघळते. मधल्या भागापेक्षा कडांवर ते जास्त चढते, भोकाच्या तोंडाशी जास्त उतरते. ओरखडे जातात हे खरे, पण त्यांच्याबरोबर कोपरेही जातात. साबणाची वडी वापरून वापरून होते तसा धातू गोलसर होतो. लॅपिंगमध्ये वस्तू एका सपाट तबकाच्या तोंडावर दाबायची आणि त्या तबकाचा सपाटपणा तिच्यात उतरवायचा. झारात्सुमध्येही हेच होते. केस फिरत्या चकतीच्या कडेवर धरत नाहीत, तिच्या सपाट तोंडावर धरतात. आणि कोन जराही इकडेतिकडे न होता धरावा लागतो, तोही यंत्राने नव्हे, हातांनी. "गुळगुळीत आणि सपाट हे दोन वेगळे गुण आहेत," मामा म्हणाले. "पाण्याच्या टाकीत वाकून बघ. पाणी गुळगुळीतच असतं, पण जरा हललं की तुझं तोंड बघवत नाही." आरसा एक अंश कलला तर परत जाणारा किरण दोन अंश वळतो, म्हणजे पृष्ठभागाची चूक प्रतिबिंबात दुप्पट होऊन समोर येते. बोटाला जो उंचवटा लागणार नाही, तो ट्यूबलाईट लगेच दाखवून देते.

मला एकदम त्यांचे स्लिप गेज, म्हणजे मापे तपासायचे पोलादी ठोकळे, आठवले. मी सात-आठ वर्षांची असताना मे महिन्यात त्यांच्याकडे राहायला गेले होते, तेव्हा त्यांनी कारखान्यातून बाद झालेले दोन पोलादी ठोकळे आणले होते, प्रत्येकी बिस्किटाएवढा. ठोकळे त्यांनी रुमालाने पुसले, मग मनगटाच्या आतल्या बाजूवर हलकेच घासले, एकावर एक तिरपे ठेवून सरकवले आणि माझ्या हातात दिले. ते चिकटले होते. गोंद नव्हता, चुंबक नव्हते. मी ओढले, गुडघ्यात धरून ओढले, माझ्या मामेभावाने ओढले. ते काही सुटेनात. मामांनी ते घेतले आणि नुसते बाजूला सरकवून अलगद वेगळे केले. "याला रिंगिंग म्हणतात," ते म्हणाले. "दोन्ही इतके सपाट आहेत की मधे हवासुद्धा उरत नाही. मनगटाच्या तेलाचा एवढा पातळ थर राहतो, तोच धरून ठेवतो." त्या ठोकळ्यांत माझे तोंड स्पष्ट दिसत होते, पण त्यांना चकचकीत करायला कुणी निघाले नव्हते. त्यांना सपाट करायचे होते. आरसा वाटेत आला. ही गोष्ट मला त्या वयात कळणे शक्य नव्हते, आणि आता कळली म्हणून घड्याळाचा कोपरा परत येणार नव्हता.

स्विस घड्याळवाल्यांच्या भाषेत या आरशाचे नाव 'पोली न्वार', म्हणजे काळे पॉलिश. केसवर नव्हे, तर आतल्या अगदी बारीक पोलादी भागांवर ते करतात: स्क्रूची डोकी, तूर्बियाँ नावाच्या फिरत्या यंत्रणेच्या पिंजऱ्यावरची टोपी, ठोक्यांच्या घड्याळातल्या हातोड्या. नाव काळे का, तर त्याचे उत्तर नाकानोच्या म्हाताऱ्यांनी मला दिव्याखाली दाखवलेच होते. साध्या धातूवर पडलेला उजेड चारी दिशांना विखुरतो, म्हणून तो कुठूनही राखाडी दिसतो. दृश्य उजेडाच्या लाटेची लांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, आणि डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. ओरखड्यांची खोली त्या लाटेच्या तुलनेतही नगण्य झाली, की उजेडाला विखुरायला जागा राहत नाही. सगळा एकाच दिशेने परततो. तुमचा डोळा त्या वाटेवर असेल तर पांढरे दिसते, नसेल तर काळोख. विजेच्या बटणासारखे दोनच पर्याय. घड्याळे तपासणारे लोक भिंग लावून भाग कलता करतात आणि काळ्याकडे जाताना कुठे करडी धूसर छटा राहते का, ते पाहतात. ती राहिली तर काम पुन्हा करायचे.

पद्धत ऐकायला अगदी साधी आहे आणि त्यामुळेच मला ती विलक्षण वाटते. पोलाद पाणी देऊन कडक केलेले हवे, मऊ पोलादाला हे तेज चढत नाही. डायमंटीन नावाची पांढरी भुकटी घ्यायची, म्हणजे अगदी बारीक अ‍ॅल्युमिनियम ऑक्साईड, आणि तेलाच्या थेंबाथेंबात पात्याने घोटत राहायची; तेल जास्त झाले की बिघडते, कमी झाले की बिघडते. किंवा हल्लीच्या रीतीने हिऱ्याची पेस्ट घ्यायची. ती कथिलाच्या सपाट तबकडीवर नावापुरती लावायची आणि भाग त्यावर घासायचा. पोलाद कथिलाच्या कित्येक पट कठीण आहे, तरी झिजते पोलाद. कथील मऊ, म्हणून भुकटीचे कण त्यात रुतून बसतात आणि डोके तेवढे वर काढतात. पोलाद कठीण, म्हणून त्यात कण रुतत नाहीत, नुसते खरवडत जातात. मामांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "लॅप नेहमी जॉबपेक्षा, म्हणजे घासायच्या वस्तूपेक्षा, मऊच असतो. आम्ही बिडाचा घ्यायचो, तांब्याचा घ्यायचो. कथिलाचा नाही वापरला कधी." मग जरा थांबून त्यांनी विचारले, "पण स्क्रूच्या डोक्याला एवढं करून उपयोग काय?"

उपयोग जवळजवळ काही नाही. गुळगुळीत पोलादावर गंज उशिरा धरतो हे खरे, फिरणाऱ्या आसाची टोके गुळगुळीत असली तर घर्षण कमी होते हेही खरे. पण स्क्रूच्या डोक्याचा वरचा भाग कशावरही फिरत नाही. झाकण उघडल्याशिवाय तो दिसतही नाही. स्वित्झर्लंडच्या व्हाले द झू खोऱ्यात ल सोलिया नावाच्या गावी फिलिप द्युफूर नावाचे घड्याळजी आहेत. २००० साली त्यांनी 'सिम्प्लिसिटी' नावाचे घड्याळ आणले. त्यात तास, मिनिटे आणि सेकंद यांपलीकडे काही नाही, चंद्र नाही, तारीख नाही. सारा जीव घासण्यात ओतलेला. कडांना दिलेल्या उतारांवर ते जेन्शियनच्या वाळलेल्या दांड्याने पॉलिश करतात. जुरा पर्वताच्या कुरणांवर पिवळ्या फुलांचे हे झाड उगवते, त्याच्या मुळांची तिथले लोक दारू काढतात. दांड्याचे टोक पेन्सिलीसारखे तासले की आतला मऊ गर पेस्ट धरून ठेवतो आणि जिथे दोन कडा आत वळून मिळतात, त्या कोपऱ्याच्या अगदी टोकापर्यंत पोहोचतो. फिरते चाक तिथे जाऊच शकत नाही, कारण चाक गोल असते. जपानमधल्या शिओजिरी इथे सीकोचा मायक्रो आर्टिस्ट स्टुडिओ आहे. तिथल्या कारागिरांनी द्युफूर यांचा सल्ला घेतला, आणि तेही आता जेन्शियनचा दांडा वापरतात. आधी सालाझांचे यंत्र गेले, मग अर्ध्या शतकाने झाडाची काडी गेली.

कथील हा शब्द माझ्यासाठी मात्र स्वित्झर्लंडहून येत नाही. तो आमच्या वाड्याच्या बोळातून येतो. कल्हईवाला वर्षातून दोनदा यायचा, जमिनीत खड्डा करून भाता बसवायचा आणि कोळसे फुलले की आई-आजी पितळी पातेली घेऊन खाली उतरत. पातेले सांडशीने धरून तो तापवी, नवसागराची चिमूट टाकी, नाकात झिणझिण्या आणणारा पांढरा धूर उठे, मग कथिलाची कांडी तो तापल्या बुडाला नुसती टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात सगळीकडे फिरवी. काळवंडलेल्या पितळेवर चांदणे पसरत जाई. पाण्यात बुडवल्यावर चर्र असा आवाज होई आणि पातेले बाहेर येई ते आत आकाश घेऊन. चमक म्हणजे वरून चढवण्याची गोष्ट, ही माझी समजूत बहुधा तिथेच तयार झाली. नवी कल्हई, नवा रंग, नवी गिलाव्याची भिंत. पॉलिश 'मारतात' असेच आपण म्हणतो. रंग मारतात तसे. प्रत्यक्षात पॉलिशने काही चढत नाही, फक्त उतरते. दुकानदाराने फुकट दिलेल्या चमकेसाठी मी धातू मोजला होता, आणि तो धातू त्याच्या चाकाखालच्या काळ्या धुळीत पडला होता.

हे सगळे मनात घोळत असतानाच मामींनी देवघरातून हाक मारली आणि मी तिथे गेले, तेव्हा त्या ताम्हनात देव घासत होत्या. आमच्या आजोळचे टाक चांदीचे आहेत. खंडोबा घोड्यावर, शेजारी म्हाळसा, खाली कुत्रा. असे मला सांगितले आहे म्हणून मी म्हणते. रोजच्या हाताने आणि सणावारी रांगोळीच्या पुडीने घासून घासून घोडा आणि स्वार एक झाले आहेत, म्हाळसेला तोंड उरलेले नाही, कुत्रा म्हणजे एक फुगवटा आहे. दर लग्नकार्याआधी टाक सोनाराकडून उजळून आणायचे, ही घरची रीत. प्रत्येक उजळण्यात देव थोडे आणखी पुसट झाले. लहानपणी मी आजीला विचारले होते, की देवाचे नाक कुठे गेले. ती म्हणाली होती, "झिजलं. हात लागतो ना रोज." तिच्या स्वरात खंत नव्हती. मलाही कधी खंत वाटली नाही. उलट नव्या घरात नवे करकरीत टाक पाहिले, त्यांच्या नाकाडोळ्यांच्या धारदार रेषा पाहिल्या, की मला ते अजून देव झालेले नाहीत असेच वाटते.

मग घड्याळाचा कोपरा गेला, तर एवढे का लागावे? ताम्हनापाशी बसून मी स्वतःला बरेच विचारून पाहिले. टाकाची झीज आमच्या हातांची आहे आणि घड्याळाची परक्या चाकाची, असे एक उत्तर सुचले, पण ते मला पुरते पटत नाही. सोनारही परकाच होता. टाक झिजला तरी त्याचे काम चालूच राहते आणि त्या पैलूचे काम सरळ रेषा दाखवण्याएवढेच होते, हे उत्तर त्याहून बरे आहे. आणि एक लाजिरवाणे उत्तरही आहे: माझे स्वतःचे ओरखडे गेले, याचे मला दुकानात बरेच वाटले होते. ट्यूबलाईट वाकडी दिसेपर्यंत मी खूश होते.

मामांनी तोवर जेवणाच्या टेबलावर घड्याळ ठेवून त्याच्या पायांची जाडी मापली होती. "करता येईल सपाट," ते म्हणाले. "पण जो भाग सगळ्यात खाली गेलाय तिथवर बाकीचा उतरवावा लागेल. कड मिळेल, पण ती मूळची नसेल. घड्याळ बारीक होईल. राहू दे." थोडा वेळ ते गप्प बसले. मग त्यांनी विचारले, "कथिलाचा लॅप करून बघायचा का?"

पुढच्या रविवारी मी तांबट आळीतून कथिलाच्या दोन कांड्या घेऊन गेले. मामांनी एक कांडी माझ्या कानाशी धरून वाकवली. आतून करकर असा आवाज आला, एखाद्याने दात खावेत तसा. "कथील रडतं," ते म्हणाले. २३२ अंशांना ते वितळते, त्यामुळे स्वयंपाकघरातला गॅस आणि लोखंडी पळी पुरली; मामींनी ती पळी पुन्हा वापरायची नाही असे बजावले. लोखंडी चौकटीत ओतून तळहाताएवढी वडी केली आणि मग ती सपाट करण्यात अख्खी दुपार गेली, कारण कथील कानशीच्या दातांत जाऊन बसते आणि तिथूनच पुन्हा ओरखडे काढते. मामांनी कानशीवर खडू घासला, तेव्हा कुठे जमले. घासायला म्हणून त्यांनी जुन्या डब्यातून एक डॉवेल पिन, म्हणजे पोलादी खुंटी, शोधून काढली, दहा मिलिमीटर व्यासाची, पाणी दिलेली. तिचे गोल तोंड, नखाएवढे, हेच आमचे घड्याळ. ती सरळ उभी राहावी म्हणून तिच्या मापाचे भोक पाडलेला एक ठोकळा त्यांनी आधीच करून ठेवला होता.

हिऱ्याची पेस्ट इंजेक्शनच्या सिरिंजसारख्या नळीत मिळते: सहा मायक्रॉन, तीन, एक. भोसरीत दुकान असलेल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून मामांनी ती मागवली होती. प्रत्येक नळीसाठी वेगळे फडके, आणि एकीकडून दुसरीकडे जाताना साबणाने हात धुवायचे. पेस्ट मुगाच्या दाण्याहून कमी. इंग्रजी आठाचा आकडा काढत पिन फिरवायची, दाबायची नाही. तिचे स्वतःचे वजन आणि बोटाची आठवण, एवढेच. "दाब दिलास की तू खोदतेस," मामा सारखे म्हणत. त्यांचे हात आता थोडे कापतात, म्हणून फिरवायचे काम माझ्याकडे होते आणि बघायचे त्यांच्याकडे. सुरुवातीला पिन आणि कथील यांच्यामध्ये खरखर जाणवते, नंतर साय फिरवल्यासारखे वाटते, आणि पेस्ट सुकत आली की पिन किंचित ओढ धरू लागते. त्या ओढीत सगळे आहे, असे मामांचे म्हणणे. पहिल्या रविवारी तोंड पांढुरके झाले. दुसऱ्या रविवारी त्यात खिडकीचे गज दिसले, पण काळे काही येईना. मधेच एक खोल ओरखडा उमटला, कुठून ते कळेना, आणि बऱ्याच वेळाने मामांनी वर पाहिले. छताचा पंखा फिरत होता. एप्रिलचा महिना, चिंचवडची दुपार. त्यांनी उठून पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, आणि आम्ही सहा मायक्रॉनपासून पुन्हा सुरुवात केली.

तिसऱ्या रविवारी, चारच्या सुमाराला, घामाने माझी ओढणी मानेला चिकटलेली असताना, मी पिन पुसून ट्यूबलाईटखाली धरली. नखाएवढ्या वर्तुळात ट्यूबचा एक तुकडा उभा होता, पट्टीने आखल्यासारखा. मी पिन कलती केली. तो तुकडा नाहीसा झाला आणि वर्तुळ विहिरीसारखे काळे झाले. मी काही बोलले नाही. मामांनी ती माझ्या हातातून घेतली, भिंग डोळ्याला लावले, पांढरे केले, काळे केले, पुन्हा पांढरे केले. आतून मामींनी चहा झाल्याचे दोनदा सांगितले. मग मामांनी पिन माझ्यापुढे धरली आणि करंगळीच्या नखाने दाखवले. काळ्याच्या कडेला, उजवीकडे, केसाहून बारीक एक पांढरी रेघ होती.

"कण आला कुठूनतरी," ते म्हणाले.

मी म्हटले, "मामा, चालेल की. कुणाला दिसतंय?" त्यांनी भिंग टेबलावर ठेवले, पिन रुमालात गुंडाळली आणि चहाला बसले. त्या विषयावर नंतर ते एक शब्द बोलले नाहीत. मामेभावाच्या बदलीबद्दल, पाण्याच्या टँकरबद्दल बोलले. निघताना मी घड्याळ मनगटावर चढवले. ते वेळ आता अचूक दाखवते, दिवसाला काही सेकंदांचाच फरक. त्या बाबतीत दुकानदाराचे काम चोख होते. परतीच्या बसमध्ये छतावरचे दिवे त्याच्या पायांवरून वेडेवाकडे सरकत राहिले.

शनिवारी रात्री साडेनऊला मामांचा फोन आला. "कथिलाचं तोंड परत सपाट करून ठेवलंय," ते म्हणाले. "आणि पंख्याचा फ्यूजच काढून ठेवलाय. लवकर ये, उन्हं चढायच्या आत."